नळीवरची टेप

दहा वर्षं मी अमेरिकेत आयसीयूत नर्स होते. कोणतं औषध कधी द्यायचं हे नव्या डॉक्टरांना त्यांचा मान राखून सुचवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. इथे नर्सही शिकून भूल देऊ शकते. मग चाळिशी जवळ आल्यावर ते शिक्षण घ्यायची हुक्की आली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की मला साधी चिकटपट्टी लावता येत नाही.

भूल दिल्यावर पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत एक ट्यूब घालतात. ती हलू नये म्हणून गालावर टेप लावतात. काम एवढंच. पण आम्हाला हाताखाली घेणारे प्रिसेप्टर रोज बदलत आणि प्रत्येकाची टेप वेगळी. सतत पेपरमिंट चघळणाऱ्या एका बाईंना ती वरच्या ओठावरून हवी, टोक दुमडलेलं, म्हणजे काढताना सोपं. एका मिशीवाल्या गृहस्थांना दोन पट्ट्यांची फुली हवी. दुमडलेलं टोक दिसलं की त्यांचं डोकं फिरे. सगळ्यांत धोक्याचे म्हणजे “तुला हवी तशी लाव” म्हणणारे.

संध्याकाळी आपणच आपला फोन त्यांच्यापुढे धरायचा आणि दिवसभराच्या कामाचा फॉर्म भरून घ्यायचा. एकाच आठवड्यात मला दोनदा ‘अपेक्षेपेक्षा कमी’ मिळालं. एका फॉर्मवर शेरा होता ‘फार बोलते’, दुसऱ्यावर ‘बोलत नाही’. तिसऱ्यांदा मिळालं तर कोर्समधून बाहेर, असं प्रमुख बाईंनी अगदी गोड हसून सांगितलं. मी तर नोकरी सोडून बसले होते.

म्हणून मी खिशात एक छोटी वही ठेवायला लागले. मराठीत लिहायची, म्हणजे कुणाच्या हाती लागली तरी भानगड नको. ‘पेपरमिंट: वरचा ओठ, टोक दुमडा. मिशी: फुली, खबरदार.’ सराव फ्रिस्को गावातल्या आमच्या घरी, नवऱ्याच्या तोंडावर.

“अगं, दहा मिनिटांत मीटिंग आहे यार माझी. कॅमेरा ऑन ठेवायचाय.”

“हलू नकोस. भूल दिलेला माणूस बोलत नाही.”

त्याची निम्मी मिशी माझ्या शिक्षणाच्या कामी आली.

एके सकाळी फळ्यावर माझ्यासोबत पेपरमिंटबाईंचं नाव होतं. मी ट्यूब घातली, दातांपाशी ट्यूबवरचा एकवीस सेंटिमीटरचा आकडा पाहिला, वरच्या ओठावरून टेप लावली, टोक दुमडलं. तेवढ्यात बाईंना दुसऱ्या ऑपरेशनला बोलावणं आलं आणि त्यांच्या जागी मिशी आली.

“हे काय आहे?” त्यांनी माझी टेप दोन बोटांनी, उष्टं काही उचलावं तशी, उचलली. सगळी ओढून काढली आणि आपली फुली मारली. मग मान तिरकी करून ती न्याहाळत राहिले.

मी ट्यूबकडे पाहत होते. दातांपाशी आता चोवीस होतं. ट्यूब आत सरकली होती. हवा बहुधा एकाच फुप्फुसात जात होती, आणि मशीनवरचा दाब चढत होता. बोलले तर ‘फार बोलते’, म्हणजे तिसरा फॉर्म. मशीननं पेशंटला तीन श्वास दिले आणि मी गप्प राहिले. ते तीन श्वास मी मोजलेत. त्याची लाज मला आजही वाटते.

“ट्यूब चोवीसवर गेलीय,” शेवटी मी म्हटलं. “एकवीसवर होती.”

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला श्वासाचा आवाज नव्हता. ट्यूब मागे घेतली, पुन्हा फुली मारली. पेशंट सुखरूप राहिला. संध्याकाळी फॉर्म आला: ‘टेपिंग: सुधारणा हवी. एकूण: अपेक्षेप्रमाणे.’ मी गाडीत बसून रडले. वाचल्याचा आनंद होता, पण संताप जास्त होता. आपण कधी शिकवायला लागलो तर विद्यार्थ्याच्या टेपला बोट लावायचं नाही, असं तिथेच ठरवलं.

आता मी शिकवते. गेल्या आठवड्यात एक नवी विद्यार्थिनी आली. तीही आधी आयसीयूत नर्स होती. तिनं आल्या आल्या विचारलं, “तुम्हाला टेप कशी आवडते?”

“टिकेल तशी,” मी मोठ्या मनानं सांगितलं.

तिनं ट्यूब घातली, टेप लावली. चांगली घट्ट होती, काही खोट नव्हती. टोक तेवढं दुमडलेलं नव्हतं. माझा हात कधी पुढे गेला ते मलाच कळलं नाही. मी टेप जराशी सोडवली, टोक दुमडलं, पुन्हा दाबून बसवली. वळून पाहिलं तर ती पाठमोरी होऊन छोट्याशा वहीत काहीतरी लिहीत होती.

“ट्यूब आता कितीवर आहे?” मी विचारलं.

तिनं दचकून वही मिटली.

“सॉरी,” ती म्हणाली, “मी तुमचे हात बघत होते.”