मास्तरीणबाईंचा हात

गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. मास्तर होते ते तिचे यजमान, आणि तेही शाळेतले नव्हेत. शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात ते काउंटरमागे उभे असत. बॉबिन, पट्टे, सुया, स्क्रू असला सगळा बारीकसारीक माल. पण मास्तरांचं नाव झालं ते फुटांमुळे. फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा धातूचा बोटभर तुकडा. चेन लावायचा वेगळा, काजाचा वेगळा, झालरीचा वेगळा. आणि गोधडी शिवायची म्हटली की त्यातही तऱ्हा. बायका पिशवीतून कापडाचा नमुना आणत. मास्तर तो दोन बोटांत धरून चोळत, थर किती, आत काय भरलंय, रेघा सरळ मारायच्या की वळणं घ्यायची, असं मऊ आवाजात विचारत आणि खणातून नेमका तुकडा काढून समोर ठेवत. डॉक्टरसुद्धा इतकं ऐकून घेत नाहीत, असं बायका आपसांत बोलत.

त्याच बायका तिला रस्त्यात गाठून म्हणत, तुमची काय मजा आहे बाई, घरातच दुकान. ती हसून वेळ मारून नेई. घरात दुकान नव्हतं. घरात होतं आईकडून आलेलं पायाचं मशीन, खिडकीखाली ठेवलेलं, आणि त्याला जन्मापासून बसवलेला एकुलता एक साधा फूट.

तिला गोधड्यांचं वेड होतं. रंग जुळवावेत तर तिनेच. कुणाच्या जुन्या साडीचा काठ, कुणाच्या शर्टाची पाठ, पडद्याचा उरलेला तुकडा. ती जमिनीवर मांडी घालून तुकडे लावत बसली की शेजारीण हातातलं काम टाकून बघत राही. पण तुकडे जोडून झाले, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर घातलं आणि सगळं मशीनखाली गेलं की घोटाळा सुरू होई. खालचं कापड सरकायचं, वरचं फुटापुढे गोळा व्हायचं. ती उजव्या अंगठ्याने वरचा थर दाबून पुढे लोटायची, डाव्या हाताने मागून ताणायची, तरी टोकाला पोचेपर्यंत चुण्या पडायच्याच. उलटून पाहिलं तर अस्तरावर सुरकुत्या.

मास्तर संध्याकाळी आले की चप्पल काढता काढताच गोधडीकडे बघत. "परत ओढलीस?" एवढंच म्हणत. कधी पाहुण्यांसमोर गमतीने सांगत की आमच्या हिचं डोकं चालतं, पण हात बसत नाही. काय करणार, उपजत लागतं ते. पाहुणे हसत, तीही हसे. मग पाहुणे गेल्यावर ती कटर घेऊन शिवण उसवायला बसे. एखादी गोष्ट जेवणाच्या ताटावर रोज ऐकली की ती माणसाला स्वतःचीच वाटायला लागते. आपला हात वाईट आहे हे तिने कधीच कबूल करून टाकलं होतं.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एक मोठी गोधडी शिवायला घेतली होती. निळा आणि मातीचा रंग, मधे पिवळ्याची बारीक चौकट. ती किती वेळा उसवली आणि किती वेळा शिवली याला गणतीच नव्हती. शेवटी नीट म्हणावी इतपत झाली. पाठवणीच्या सामानात तिने ती घडी करून ठेवली, तर मास्तरांनी बाहेर काढली. व्याह्यांच्या घरात ही चुण्यांची गोधडी जाणार नाही, म्हणाले, माझ्या नावाचा विचार कर. लोक म्हणतील, फुटांचा एवढा जाणकार आणि घरची शिवण ही अशी. त्यांनी तयार रजई आणली. गोधडी पेटीच्या तळाशी गेली. मुलगी त्या वेळी आरशासमोर होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना गं आई, बाबांना कळतं त्यातलं."

त्यानंतर काही वर्षं तिने मोठं काही शिवलं नाही. पायपुसणी, उशांचे अभ्रे, गरम भांडी धरायचे फडके. चुण्या पडल्या तर पडल्या, पायच तर पुसायचेत, असं स्वतःच म्हणायची.

मग समोरच्या इमारतीत एक नर्सबाई राहायला आल्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला मोकळ्या. हॉस्पिटलात आयुष्यभर चादरी बदलल्या, आता एखादी गोधडी स्वतःच्या हाताने करावी म्हणून त्यांनी नवं मशीन घेतलं होतं. रंग जुळेनात म्हणून त्यांनी मास्तरीणबाईंना बोलावलं. ती गेली. टेबलावर नर्सबाईंनी शिवलेली पहिलीच गोधडी पसरली होती. रंग अगदी कसेतरी, लाल आणि जांभळा एकमेकांच्या उरावर बसलेले. पण शिवण आखल्यासारखी. तिने सवयीने कोपरा उलटून अस्तर पाहिलं. एकही चुणी नव्हती.

"तुमचा हात फार चांगला आहे," ती म्हणाली.

नर्सबाई मोठ्याने हसल्या. "हात कसला डोंबलाचा! तुमच्या मास्तरांची कृपा." त्यांनी मशीनचा दिवा लावून दाखवलं. सुईखाली एक जाडजूड, डबीसारखा फूट होता. त्याला स्वतःचे दात होते आणि एक दांडा सुईच्या स्क्रूवर टेकलेला. सुई वर गेली की दांडा उचलला जाई, वरचे दात एक पाऊल पुढे टाकत, आणि खालचं कापड जितकं सरके तितकंच वरचंही सरके. नर्सबाई सांगत होत्या की पहिल्या नमुन्याला इतक्या चुण्या पडल्या की त्या रडकुंडीला येऊन दुकानात गेल्या होत्या. मशीन परतच करणार होत्या.

"मास्तर मला म्हणाले, बाई, तीन थर साध्या फुटाने शिवू नये. मशीनचे दात खालचंच कापड ओढतात, वरचं मागे राहतं. कुणीही शिवलं तरी चुण्या पडणारच. यात हाताचा काही दोष नाही, मनाला लावून घेऊ नका." नर्सबाईंनी अगदी त्यांच्या मऊ आवाजाची नक्कल केली. "इतका धीर आला मला."

मास्तरीणबाईंनी लाल आणि जांभळ्याच्या मधे राखाडी घाला असं सांगितलं, समोर आलेला चहा घेतला आणि ती घरी आली.

त्या संध्याकाळी तिने त्यांना विचारलं. ओरडली नाही. गोधडीचा वेगळा फूट असतो हे तुम्हाला माहीत होतं ना, एवढंच विचारलं. मास्तरांनी बनियन घडी करत उत्तर दिलं की माहीत असणारच, माझा धंदाच आहे तो. मग मला का नाही आणलात? त्यावर ते म्हणाले की दुकानातला माल घरी आणायची मला सवय नाही, आणि घरात चार फडके शिवायला कशाला पाहिजेत असले चोचले. एवढं बोलून त्यांनी बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापूस आणि अस्तर घातलेला हातभर नमुना पिशवीत टाकून दुकानात गेली. लग्नानंतर तिथे ती फार तर दोन-तीनदा गेली असेल, आणि तेही बाहेरूनच, डबा द्यायला. काउंटरपुढे दोघी-तिघी उभ्या होत्या. ती त्यांच्या मागे उभी राहिली. मास्तरांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, काही हवं असेल तर संध्याकाळी घेऊन येतो, तू जा. ती म्हणाली, "नाही, मला बघून घ्यायचंय. माझा नंबर आला की सांगा."

बाकीच्या बायकांना ही नवरा-बायकोची थट्टा वाटली, त्या गालातल्या गालात हसल्या. नंबर आला. तिने नमुना काउंटरवर ठेवला. मास्तरांना आता सुटका नव्हती. त्यांनी तो उचलला, दोन बोटांत चोळला. मशीन कोणतं ते त्यांनी विचारलं नाही, ते विचारणं शोभलं नसतं. पण बाकी सगळं त्यांना बोलावं लागलं. त्यांनी खण उघडून तीन फूट ओळीने ठेवले. तुकड्याला तुकडा जोडताना हा पाव इंचाचा, कडेला पट्टी असलेला. म्हणजे सगळ्या शिवणी सारख्या येतात आणि चौकोन चौकोनाला भिडतो. थर एकत्र शिवताना, सरळ रेघांना, हा चालता फूट. आणि पानं-फुलं, वळणं काढायची असतील तर हा रफूचा. यात मशीनचे दात झाकायचे आणि कापड हाताने हवं तसं फिरवायचं. मशीन जुनं असेल तर फूट अडकवायचा दांडा छोट्या मापाचा बघून घ्यायचा, नाहीतर बसत नाही.

बोलता बोलता ते रंगात आले. समोर कोण आहे हे क्षणभर विसरलेसुद्धा. आवाज तोच मऊ, ज्याची नक्कल नर्सबाईंनी केली होती. तिला पहिल्यांदाच कळलं की बायका या माणसाकडे पुन्हा पुन्हा का येतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला एकही गोष्ट अशी समजावून सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली आणि तळपायाची आग मस्तकात जात राहिली.

तेवढ्यात आतून दुकानाचे मालक आले. म्हातारे, मनाने साधे. तिला ओळखून खूश झाले. तिचा नमुना हातात घेऊन रंगांकडे बघत राहिले. "वहिनी, अशी नजर नाही हो सापडत. मी मास्तरांना कितीतरी वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, तुमच्या घरातून पिशवी येते ना डब्याची, तिच्यावरचं काम बघून. म्हटलं, वहिनींना मशीनवर बसवू, गिऱ्हाइकांना शिवून दाखवतील, पगार देऊ. तर हे म्हणाले, तिचा हात बसत नाही आणि तिला बाहेर पडायला आवडत नाही."

मास्तर खणातल्या डब्या लावायला लागले. त्या आधीच लावलेल्या होत्या.

तिने विचारलं, "अजून जागा आहे का ती?"

मालक ओशाळले. भिंतीवरच्या टीव्हीकडे त्यांनी हात केला. त्यात कुणाचे तरी गोरे, तरणे हात आवाजाशिवाय शिवत होते, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आता कंपनीच पाठवते हे, ते म्हणाले. तिने तिन्ही फूट घेतले, आपल्या पाकिटातून पैसे दिले आणि पावती मागून घेतली, इतर गिऱ्हाइकं घेतात तशी.

त्या रात्री जेवण झाल्यावर मास्तर स्वतःहून बोलले. ताटाकडे बघत बोलले. तरुणपणी ते एका मोठ्या शिवणकारखान्यात कारागीर म्हणून लागले होते आणि त्यांची शिवण वाकडी येते म्हणून सगळ्यांसमोर त्यांना मशीनवरून उठवून सामानाच्या खोलीत पाठवलं होतं, हे तिला माहीत होतं. लग्न ठरवताना कुणीतरी सांगितलं होतं, तिने ते कधी काढलं नव्हतं. त्यांनीच ते आज काढलं. मग म्हणाले, "तू दुकानात येऊन बसली असतीस, तर मला कुणी विचारलं असतं?"

तिला वाटलं होतं की खरं ऐकलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. उलट कालपासून निदान वेडेपणा, कंजूषपणा, विसराळूपणा असं काहीबाही समजून घेता येत होतं. आता तेही गेलं. या माणसाने तिची एकेक चुणी पाहिली होती, ती का पडते हे त्याला ठाऊक होतं, आणि तो रोज घरी येऊन चप्पल काढत होता.

फूट मशीनला चपखल बसले. पहिली रेघ मारून तिने नमुना उलटला आणि अस्तर तळहाताने चाचपलं. सपाट. मग तिने पेटीच्या तळाची निळी गोधडी काढली. तीच आधी नीट करायची, असं तिच्या मनात होतं. पण उसवून उसवून कापड विरलं होतं. शिवणींच्या जागी सुईची भोकं एकमेकांत मिसळली होती आणि नव्या फुटाखाली घेताच निळा तुकडा उभा फाटला. एकदाही कुणी पांघरली नव्हती ती.

तिने मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, मी पण हसायचे गं तुला. ती रडत होती बहुतेक. मास्तरीणबाईंनी तिची समजूत घातली नाही. हो, हसायचीस, म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

आता ती दुपारी नर्सबाईंच्या हॉलमध्ये कापड मांडते आणि घरी येऊन शिवते. मागण्या येतात. पण उजवा अंगठा साथ देत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांधा झिजलाय, वर्षानुवर्षं दाब दिल्याने होतं, आता शिवण बंद ठेवलीत तर बरं. तिने बंद केली नाही. मोठ्या गोधड्या तेवढ्या सोडल्या; तान्ह्या बाळांच्या करते, हातभर लांबीच्या, आणि त्या इतक्या नेटक्या की लोक उलटी बाजूच वर घालून निजवतात.

मास्तरही आता दुकानातून निवृत्त झालेत. दोघांत अबोला वगैरे नाही. औषधं, दिव्याचं बिल, नळाची गळती, सगळं बोलतात. परवा ती नर्सबाईंकडे असताना त्यांनी मशीनला विजेची मोटर बसवली. पाय मारून तिच्या गुडघ्याला त्रास नको म्हणून. जुने स्क्रू तेल घालून सैल केले, पट्टा मापाने कापला, वायर पायात येऊ नये म्हणून टेबलाच्या कडेने पट्टीत बसवून नेली. सुबक काम होतं, नाव ठेवायला जागा नव्हती.

ती आली, तिने बघितलं. बटण लावून पाहिलं. मास्तर समोरच्या खुर्चीत चहाचा कप धरून बसले होते, पिणं विसरून. तिने बाळाची गोधडी फुटाखाली सरकवली आणि पहिली रेघ टोकापर्यंत नेली. मग कापड फिरवून दुसरी घेतली. ते तिच्या शब्दाची वाट बघत होते. तिला ते दिसत होतं. तिसऱ्या रेघेच्या वेळी त्यांनी विचारलं, नीट चालतंय ना. ती मान न उचलता म्हणाली, "चहा गार झाला असेल तुमचा."