मांडवाबाहेरचे बूट

अमेरिकेतल्या डब्लिनला आम्ही नवे होतो, तेव्हा ऑफिसमधल्या एका वयस्क सहकाऱ्याने त्याच्या गावच्या मेथडिस्ट चर्चच्या कॅम्प मीटिंगला बोलावलं. दर उन्हाळ्यात आठवडाभर तिथली कुटुंबं मक्याच्या शेतांमधल्या लाकडी केबिनींत राहतात आणि भिंती नसलेल्या मोठ्या मांडवात प्रार्थना करतात.

मांडवापाशी पोचल्यावर मी सवयीने बूट काढले. आत जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला होता आणि सगळे बूट घालूनच बसले होते. बायको हळूच म्हणाली, "अरे, घाल ना परत. लोक बघतायत." बघू देत, म्हटलं. एकदा काढलेले बूट पुन्हा घालून देवासमोर बसणं मला जमणार नव्हतं. मग तिनेही चिडून सँडल काढल्या. भजनं संपेपर्यंत मोज्यांतून भुसा टोचत राहिला. सहकाऱ्याने आमच्या पायांकडे पाहिलं.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मांडवाच्या पहिल्या खांबापाशी एक नवी फळी ठोकलेली होती. तिच्यावर सहकाऱ्याचे मातकट बूट आधीच ठेवलेले होते, शेजारी दोन जोड मावतील एवढी जागा सोडून.