पुढच्या चाकांवरचा पाटा

दादाचा फोन आला तेव्हा मी वेलिंग्टनच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये बसून ऐकत असल्याचं सोंग करत होतो. दादा कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन उचलला. "सुध्या, शुभा गेली रे," तो म्हणाला. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दुकानात, काउंटरच्या मागे, कुणाच्या तरी गोळ्यांच्या बाटलीवर लेबल लावताना ती कोसळली; अँब्युलन्स पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय एकावन्न. माझ्या मनात पहिला विचार आला तो लाज वाटावी असा होता. ऑक्टोबर आहे, इथला वसंत, म्हणजे बर्फ नसेल, रस्ता मोकळा असेल. गेली काही वर्षं शुभावहिनीची आठवण आली की माझ्या डोळ्यांपुढे आधी त्यांच्या घराचा तो चढाचा रस्ताच यायचा... त्याला कारण आहे, आणि ते सांगायलाच आज लिहायला बसलो आहे.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. ती फार्मसिस्ट. पुण्यात एका हॉस्पिटलच्या औषधविभागात नोकरीला होती आणि रोज सायकलने जायची. घरात स्कूटर आली तरी हिची सायकल सुटली नाही. "भाऊजी, स्कूटर रुसली की ढकलावी लागते, सायकल रुसली की नुसती हातात धरून चालायचं," असं म्हणायची. स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहणारी माणसं तिला कळायचीच नाहीत. आपल्या पायांनी, आपल्या वेळेला निघायचं, हा तिचा स्वभावच होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्या उलट झालं.

मी नव्वदच्या दशकातच वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात येऊन स्थिरावलो होतो. २००१ मध्ये दादाला साउथ आयलंडमध्ये जलविद्युत प्रकल्पावर नोकरी लागली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वहिनीने पुन्हा परीक्षा देऊन इथलं रजिस्ट्रेशन मिळवलं. येताना तिने तिच्या आईचा पाटा-वरवंटा आणला होता. ऑकलंडच्या विमानतळावर माती, बिया तपासणाऱ्या बाईने विचारलं, हा दगड आहे का? वहिनी म्हणाली, हो, पण स्वयंपाकघरातला आहे. त्या बाईने आत नेऊन तो ब्रशने घासला, कसल्याशा औषधाने धुतला आणि पुसून परत दिला. "आमच्या आईने कधी एवढा स्वच्छ घासला नव्हता," हे वहिनी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

दादाने घर घेतलं ते टिमारूपासून तासभर आत, डोंगरांच्या पायथ्याच्या एका लहान गावाबाहेर, टेकडीवर. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसायचे आणि दादा त्यांच्यावर खुळावला होता. रस्त्यापासून घरापर्यंत दीडशे मीटर खडीचा चढ, मध्ये पॉप्लरच्या झाडांपाशी एक वळण आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोल चर. गावात औषधांचं दुकान एकच. वहिनी पोचली नाही तर दुकानाचं दार उघडलं तरी कुणाला गोळी देता येत नसे. गावात आणखी एकही मराठी घर नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दादा धरणावरून चार-चार दिवस घरी येत नसे. सायकल एकदा त्या खडीवरून घसरली आणि मग गॅरेजच्या भिंतीला टांगली गेली. फोनवर वहिनी म्हणायची, "डोंगर छान आहेत हो. पण रोज तेच डोंगर समोर उभे. बाजूला सरकतच नाहीत."

२००४ च्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, दादाने मला बोलावून घेतलं. बर्फ काढायला त्याने एक जुना गार्डन ट्रॅक्टर घेतला होता. गवत कापायच्या राइड-ऑनचा थोरला भाऊ म्हणा; पुढे लोखंडी पातं लावलेलं, ते खाली सोडून बर्फ ढकलत न्यायचा. सरळ रस्त्यावर गडी उत्तम चालायचा. पण वळणावर स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं नुसती वळायची आणि ट्रॅक्टर मात्र सरळ चराकडे जायचा. वहिनी त्या हिवाळ्यात दोनदा चरात गेली होती. "ये आणि बघ," दादा म्हणाला, "तू मेकॅनिकल ना?" वीस वर्षांत मला कुणी मेकॅनिकल म्हटलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोर बसून कुजलेला माणूस मी, दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं.

पहिली चूक मीच केली. चाकं घसरतात ना, मग वजन टाका मागे, असा आपल्याकडचा हिशेब. जीप चिखलात रुतली की चार जण मागे बसतात, तसं. मी मागे वाळूच्या गोण्या बांधल्या, मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. झालं भलतंच. मागची चाकं अशी काही रेटायला लागली की पुढची आणखीच हलकी झाली आणि ट्रॅक्टर दुप्पट जोराने चरात गेला. मी त्याच्यावर बसलेला. वहिनी व्हरांड्यात उभी राहून इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. "भाऊजी, पदवी परत करा!" ओरडली. ट्रॅक्टर आम्ही दोघांनी दोर लावून गाडीने ओढून काढला आणि त्याच दुपारी पुन्हा बर्फ सुरू झाला.

तो चार दिवस थांबला नाही. वीज गेली. दादा धरणावर अडकला होता, तिसऱ्या दिवशी कसाबसा रस्ता साफ करणाऱ्या एका ग्रेडरमधून रस्त्यापर्यंत आला आणि चढ चालत वर आला. आम्ही तिघं लाकडाच्या शेगडीभोवती, एकाच खोलीत. खिडक्यांच्या खालच्या काचा पांढऱ्या झालेल्या. गावातला कुणी ना कुणी वहिनीला फोन करून विचारायचा, "शुब, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्यात, काय करू?" आणि ती फोनवर हात ठेवून खिडकीबाहेर बघायची. मला त्या घरात श्वास कोंडल्यासारखा झाला. चार दिवसांत मला असं झालं, हिला तीन वर्षं काय होत असेल, हा विचार डोक्यात आला होता. खोटं नाही सांगत, आला होता. पण माझ्या हातात तेव्हा एक सोडवायचं गणित होतं, आणि गणित हातात असलं की मला माणूस दिसत नाही.

फ्रिजवर चुंबकाखाली एक पत्र लावलेलं होतं. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमधून आलेलं, औषधविभागातल्या जागेसाठी. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "आहे एक विचार. तिथे म्हणे सगळं सपाट आहे. लोक सायकलने कामाला जातात." दादा शेगडीत लाकूड सारत राहिला. मीही पुढे विचारलं नाही.

गणित मात्र सुटलं. शेजारच्या केनकडे, मेंढ्यांच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, जुन्या ट्रॅक्टरची लहान टायरं पडलेली होती. गुळगुळीत नव्हे, तर मधून तीन उभ्या कण्या असलेली. तशी कणी बर्फात रुतते आणि चाकाला वळायला धर मिळतो. ती पुढे बसवली. हवा थोडी कमी केली. पुढच्या चाकांनाही साखळ्या चढवल्या आणि स्टिअरिंग पार वळवून साखळी कुठे घासत नाही ना हे गुडघ्यावर बसून पाहिलं. पात्याखालचे टेकू खाली घेतले, कारण पातं खडीत घुसलं की पुढच्या चाकांवरचं वजन तेच उचलून घेतं. मागच्या दोन गोण्या काढल्या. एवढं करून कमी पडत होतं ते पुढच्या आसाच्याही पुढे पंधरा-वीस किलो वजन. दुकानं बंद, रस्ता बंद. मी घरभर जड वस्तू शोधत फिरलो आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मला पाटा दिसला.

"वहिनी, हा द्याल?"

तिने वरवंटा उचलून ओट्यावर, खिडकीशी ठेवला. मग स्वतःच वाकून पाटा उचलला आणि बाहेर आणून माझ्यासमोर ठेवला. "घ्या. इथे चटणी खातंय कोण," म्हणाली. मी लोखंडी पट्ट्यांची चौकट करून त्यात पाटा आवळत होतो आणि ती चहाचा मग घेऊन बाजूला उभी होती. "पण एक सांगून ठेवते हं, भाऊजी. ज्या दिवशी हा पाटा मी इथून सोडवीन ना, त्या दिवशी समजायचं, मी निघाले." आम्ही हसलो. दादाही हसला.

वळण एका झटक्यात निघालं. वहिनी स्वतः बसली, स्टिअरिंग फिरवलं आणि पाट्याचं नाक जिकडे, तिकडे ट्रॅक्टर गेला. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ शुभा, मिटला की नाही प्रश्न?" ती खाली गेटपर्यंत रस्ता उघडत गेली आणि तिथेच बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसून राहिली. मला वाटलं, आनंदाने बसली आहे.

त्यानंतर दर वर्षी ती एक मेला, महाराष्ट्रदिनी, साखळ्या चढवायची आणि दसऱ्याला उतरवायची. दसऱ्याला झेंडू कुठले, म्हणून दारातल्या डॅफोडिल्सचा हार आणि पुढच्या टायरांना कुंकू. पहिल्या बर्फाला मला फोन यायचा. "भाऊजी, आज घोट्याच्या वर. तुमची चाकं एकदम बेस्ट. केनचाही ड्राइव्हवे काढून दिला." मी फोन ठेवून मेधाला, माझ्या बायकोला, फुशारकीने सांगायचो.

दोन वर्षांनी गणपतीला दोघं आमच्याकडे आले होते. आरतीनंतर घर भरलेलं, आणि मी पाहुण्यांना कण्यांच्या टायरांची कथा पहिल्यापासून ऐकवली. शेवट केला, "वहिनीला बर्फातून सोडवलं ते मी." ती फळं चिरत होती. मग मी ताटं आत घेऊन गेलो तेव्हा सिंकपाशी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, त्या वर्षी रस्ता बंद राहिला असता ना, तर आज मी पामर्स्टनला असते."

मला कळेना. तिने सांगितलं. दादाने तिला शब्द दिला होता. या हिवाळ्यात तुला कामावर जाता आलं नाही तर घर विकू, जाऊ. जुलैपर्यंत तिचे सहा दिवस बुडाले होते, दुकानाच्या मालकाने तक्रार केली होती, दादा जवळजवळ तयार झाला होता. आणि मग तिचा हुशार दीर आला. रस्ता उघडला आणि तिच्याजवळचं एकमेव कारण संपलं. नुसतं "मला इथे नको वाटतं" हे आपल्या घरांत कारण म्हणून कुणी धरत नाही. काहीतरी मोडलेलं दाखवावं लागतं, आणि मोडलेलं मी दुरुस्त करून दिलं होतं.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गुडघ्यावर बसून एवढं मनापासून करत होतात... आणि मलाही वाटलं, होईल सवय."

"मी दादाशी बोलतो."

"नका बोलू. आता काय उपयोग?"

ती नको म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी बोललो नाही. तीन वर्षं बोललो नाही. थोरल्या भावाला कसं सांगायचं, त्यांच्या संसारात आपण कशाला, असली सगळी कारणं माझ्याकडे तयार होती, आणि त्यातलं एकही धड नव्हतं. तिला तिथे अडकवून ठेवण्यात दादाचा वाटा आहेच. पण चाकांचे नट मी आवळले होते.

अंत्यविधी टिमारूला झाला. गावातली निम्मी माणसं आली होती. केन टोपी हातात घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तिच्याइतकं सफाईने वळण घेणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो. दसरा होऊन दोन आठवडे झाले होते. साखळ्या खिळ्याला टांगलेल्या. टायरांवर कुंकू, स्टिअरिंगवर वाळलेले डॅफोडिल्स. आणि पुढची चौकट रिकामी.

दादाला विचारलं तर म्हणाला, "पाटा? दसऱ्याला काढला तिने. घासून ठेवते म्हणाली. लाँड्रीत असेल बघ. मे महिन्यात परत बसवायला लागेल, तू येशील ना?"

लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, दाराशी गाठोडं होतं. तिच्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं. सोडलं तर आत पाटा, घासून स्वच्छ केलेला, आणि त्याच्यावर वरवंटा. पाच वर्षं पाटा गॅरेजमध्ये होता आणि वरवंटा ओट्यावर, खिडकीशी. नुसता घासायला काढलेल्या पाट्याबरोबर वरवंटा कोण बांधून ठेवतं? मी तिथेच थंड फरशीवर बसलो आणि रडलो, मोठ्याने. दादा येऊन दारात उभा राहिला. त्याला वाटलं, मी वहिनीसाठी रडतोय. तेही होतंच.

तेव्हाही त्याला सांगायला तोंड उघडलं नाही. फक्त म्हणालो, हे मी नेतो. क्राइस्टचर्चच्या विमानतळावर बॅग तोलणाऱ्या मुलीने ती उचलताना हसून विचारलं, यात काय दगड भरलेत का? मी म्हणालो, हो.

आता पाटा आमच्या जॉन्सनव्हिलच्या ओट्यावर आहे. दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्यांच्या गंजाच्या तांबूस रेघा आहेत. मेधाने लिंबू लावून पाहिलं, जात नाहीत. परवा तिने त्यावर लसणाची चटणी वाटली. माझी मुलगी इरा चाखून म्हणाली, "टेस्ट्स डिफरंट, बाबा." गेल्या रविवारी दादाचा फोन आला होता. इतकं जेवतो, तितकं झोपतो, हे सांगून झाल्यावर म्हणाला, "तो पाटा कधी परत आणतोयस? हिवाळा यायच्या आत बसवायला हवा. त्याच्याशिवाय पुढची चाकं धरत नाहीत रे." मी बघतो म्हणालो.

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितोय, ते दादा रोज सकाळी इंटरनेटवर वाचतो, शेवटच्या पानापर्यंत. हेही वाचेल. दादा, पाटा परत येणार नाही. वहिनीने तो सोडवला होता.