‘धोका नाही’ असं मी सांगितलं होतं

शिरूरला शेतीच्या औजारांच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे मी एका प्रशिक्षण संस्थेची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, तो सांभाळते. मुलंमुली प्रवेशाचे फॉर्म त्या साइटवर भरतात. अपडेट टाकणं, बॅकअप घेणं आणि सिक्युरिटी सर्टिफिकेट वेळेवर नवं करणं, एवढं माझं काम. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं ओळखपत्र. त्याची मुदत संपली की ब्राउझर लोकांना दारातच अडवतो आणि लाल त्रिकोण दाखवतो. या कामात कोणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

गेल्या वर्षी प्रवेश सुरू होण्याआधी मी साइट जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवली. सर्टिफिकेट आपोआप नवं करणारी सोय मात्र तिकडे लावायची राहिली. मुदत संपत आल्याचे मेल आले. तीन आले. मी तिन्ही वाचले आणि ‘होईल आपोआप’ म्हणून बाजूला सारले. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच मुदत संपली.

घाईघाईत नवं सर्टिफिकेट काढायला गेले, तर एक सेटिंग चुकलं. तीच चुकलेली मागणी मी पुन्हा पुन्हा पाठवत राहिले. शेवटी सर्टिफिकेट देणाऱ्यांकडून उत्तर आलं, आता तासभर थांबा. आमच्या ऑफिसचे प्रमुख, सर, शेजारच्या केबिनमध्ये होते. उठून त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. तेवढ्यात दौंडहून फोन आला. तिथे स्टेशनजवळ एक चाचा फॉर्म भरून द्यायचं सेंटर चालवतात. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला मॅडम म्हणतात.

“म्याडम, लाल त्रिकोण आलाय. पुढं जाऊ का नको?”

फोनमध्येच मागून कोणा बाईचा आवाज आला. “चाचा, तुमचं मशीन हाय का बैल? हाकल्याबिगर हलंना!” सगळे हसले.

“ॲडव्हान्स्ड दाबा, मग खाली प्रोसीड,” मी म्हणाले. “कधीकधी असं येतं. धोका नाही.”

“नक्की ना? लोकांची कागदं हायती.”

“नक्की.”

इंग्रजी शब्दांच्या आड मला अशा वेळी बरं लपता येतं. शाळेत दहा वर्षं तेच शिकले. मराठीत मात्र ‘मी विसरले’ एवढंच वाक्य समोर येत होतं, आणि ते तोंडातून निघेना. तासाभराने साइट नीट झाली. चाचांना फोन करून सांगायला हवं होतं की आता त्रिकोण दिसला तर थांबा. पण फोन केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. केला नाही.

आठ महिन्यांनी नव्या फॉर्मची माहिती द्यायला सरांनी मला दौंडला पाठवलं. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत आणि तिथून पुढच्या गाडीत मी बोलायची वाक्यं मनात म्हणत होते. सेंटरमध्ये गेले तेव्हा गर्दी होती. चाचांनी स्टूल पुसून दिलं. बसले आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे लॅमिनेट केलेला कागद होता, मोठ्या सुबक अक्षरात.

‘लाल त्रिकोण आल्यास घाबरू नये. ॲडव्हान्स्ड दाबावे. खाली प्रोसीड दाबावे. धोका नाही. (शिरूरच्या मॅडम)’

मी पटकन मोबाइल काढला आणि त्यात पाहत बसले.

शेजारच्या कॉम्प्युटरवर एक मुलगी आईला घेऊन बसली होती. कुरकुंभहून आलेल्या. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेली प्रवेशाची लिंक तिने उघडली आणि लाल त्रिकोण आला. मुलीने भिंतीवरचा कागद वाचला, ॲडव्हान्स्ड दाबलं, प्रोसीड दाबलं. पान आमच्यासारखंच दिसत होतं, पण वरचा पत्ता आमचा नव्हता. मला ते लगेच दिसलं. तिने नाव टाकलं. जन्मतारीख टाकली. आधार नंबरचे बारा आकडे टाकेपर्यंत मी गप्प होते. बोलले तर कागद कोणामुळे लागला ते निघेल, हाच हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. मोबाइलवर आलेला ओटीपी आई वाचून दाखवायला लागली तेव्हा कुठे मी ओरडले, “थांबा! तो टाकू नका.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पान खोटं आहे, एवढं मी कसंबसं सांगितलं. चाचा उठून आले. त्यांनी पत्ता निरखून पाहिला, मग भिंतीवरचा कागद पाहिला आणि तो ओढून काढला.

“आवो चाचा, पोरीचा नंबर गेला की चोराच्या हातात!” आई कडाडली. “तुमच्या भरवशावर येतो आमी इतक्या लांबनं.”

“चुकलं माझं,” चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी त्या शब्दांच्या आड थोडा वेळ उभी राहिले.

“त्यांचं नाही,” मी म्हणाले. “शिरूरची मॅडम मी. आमचं सर्टिफिकेट नवं करायला मी विसरले होते, आणि ते लपवायला धोका नाही म्हणाले.”

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढ्या शिकलेल्या तुमी,” ती म्हणाली.

चाचांनी विचारलं, “मग तवाच का न्हाई सांगितलं? मी दोनदा इचारलं हुतं.” आवाजात राग नव्हता.

त्यांनी ड्रॉवरमधून शाळेची वही काढली. सेंटरवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर ते तिच्यात लिहून ठेवतात, फॉर्मची तारीख आली की कळवायला. कागद लावल्यापासूनची पानं त्यांनी मोजली, मधल्या पिना उचकटून अर्धी मोकळी केली आणि माझ्या हातात दिली.

“ह्यातलं कोण कुठल्या पानावर गेलं, मला काय म्हाईत? समद्यांना इचारायचं. पासवर्ड दिला असंल तर बदलायला सांगायचं. ही तुमची, ही माझी.”

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी बोलणं लिहून काढते. त्या दिवशी कागद मागायचीही लाज वाटली. मुलगी, तिची आई आणि रांगेतली माणसं ऐकत होती. मी पहिला नंबर लावला. मागे मशीनचा मोठा आवाज येत होता, बहुतेक कंपनीत कोणीतरी शिफ्टवर होतं.

“बोला, कोण?”

मी कोण ते सांगितलं. ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितलं.