उचलणाऱ्याची खुर्ची

माझ्या नवऱ्याला मी तोंडावर 'तुमी' म्हणते. इथे लिहिताना 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट घेतली म्हणून कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही, आणि दुखलंच तर दुखू दे.

तो सुरतेत पांडेसराच्या एका कापड कारखान्यात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, मास्टर आहे. बंद पडलेलं लूम चालू करणं हे त्याचं काम. आधी कान देऊन ऐकतो, मग एखादा भाग सोडवून हातात तोलतो, हलवून बघतो आणि सांगतो, चालेल किंवा चालणार नाही. जे चालणार नाही त्याबद्दल त्याचं म्हणणं ठरलेलं: जागा अडवतं, काढून टाका. शेठ लोक त्याला मानतात, कारण तो हळहळत बसत नाही. ट्रकने आमची मोटारसायकल उडवली आणि माझं कंबरेखालचं सगळं कायमचं लुळं पडलं, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं त्याने असंच कान देऊन ऐकलं होतं. गाडी तोच चालवत होता. त्याला नुसतं खरचटलं. याबद्दल मी त्याला कधी एका शब्दाने बोलले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी जवळजवळ रोज बोलते.

मी गरीब गाय नाही. पाय गेले, पण हात शाबूत आहेत आणि जीभ तर दुप्पट चालते. बमरोलीच्या आमच्या खोलीत बसून मी साड्यांचे धागे कापते. मूलबाळ नाही. बसायला एका शिबिरात फुकट मिळालेली लोखंडी खुर्ची होती, जिचं एक चाक वाकडं आणि जी दारातून बाहेर काढायची तर शेजारच्या दोन बाप्यांना हाक मारावी लागे. रिक्षात ती मावत नसे. त्यामुळे अपघातानंतर मी गावाला गेलेच नव्हते. सासरचं गाव खानदेशात, अमळनेरच्या पुढे, आणि श्रावणात तिथे आमच्या भाऊबंदकीची देवी, कानबाई, बसते. सुरतेत राहणारा आमच्याकडचा माणूस दिवाळीला जाणार नाही एक वेळ, पण कानबाईला जातो.

असं असताना एका सकाळी डबा भरता भरता तो म्हणाला, "औंदा कानबाईले जासूत. एखादी हलकी खुर्ची लिसूत."

मला एवढा आनंद झाला की मी त्याला टोमणा मारायची विसरले. अंगणात सगळ्या बायकांत बसायचं, पुरण वाटायचं, गाणी म्हणायची, आणि कोणाच्या पाया न पडता इकडून तिकडे जायचं. मला दुसरं काही नको होतं. त्या घरची सून म्हणून मला माझी जागा परत हवी होती. खुर्ची हे तिथपर्यंत जायचं साधन.

रविवारी आम्ही रिक्षाने कतारगामच्या एका दुकानात गेलो. बाहेर कमोडच्या खुर्च्यांची रांग, आत वॉकर, काठ्या, पट्टे. नवऱ्याने मला उचलून काउंटरजवळच्या स्टुलावर ठेवलं. दुकानदाराने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं सगळं बोलणं त्याच्याशी केलं. वजन किती, मिटते कशी, रेल्वेत कशी ठेवायची. माझं वजन किती, हेसुद्धा त्याने नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने सांगितलं आणि ते बरोबर होतं. रोज उचलतो, त्याला माहीत असणारच.

दोन खुर्च्या पुढे आल्या. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्ही मिटणाऱ्या. एकीला मागे मोठी चाकं आणि चाकाला बाहेरून कडं, ते हाताने फिरवलं की बसणारा स्वतः जातो. दुसरीला चारही चाकं लहान, वाटीएवढी. ती मिटली की छत्रीसारखी काखेत मारता येत होती, पण बसणाऱ्याच्या हातात काहीच नाही. मागून कोणी ढकललं तर चालणार, नाहीतर जिथल्या तिथे.

मी म्हटलं, मला मोठ्या चाकाच्या खुर्चीत बसवा. बसवलं. मी कडं धरून एक जोर दिला आणि खुर्ची अशी सरकली की मीच घाबरले. मग वॉकरच्या रांगेला वळसा घालून, काठ्या-पट्ट्यांच्या मधून, काउंटरच्या मागे जाऊन परत आले. आरशापाशी थांबून पदर सारखा केला. हे सगळं कोणाला न विचारता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नवरा दोन्ही खुर्च्या आळीपाळीने एका हाताने उचलून बघत होता. लूमचा भाग तोलतो तशाच. मोठ्या चाकाची थोडी जड होती, थोडीच. त्याने छोटी खाली ठेवली आणि म्हणाला, "हाई ली लेऊ."

"माले ती पाहिजे," मी म्हटलं.

"उचलनी माले पडी, तुले नही."

"बसनं माले शे."

दुकानदार हसला. "भाई साचुं कहे छे," तो म्हणाला. "बेनने तो बस बेसवानुं ज छे ने!"

बेनला नुसतं बसायचंच तर आहे. सुरतेत एवढी वर्षं काढल्यावर गुजराती मला चांगलं कळतं, आणि ते त्यालाही माहीत असावं. मी त्याला म्हटलं, शेठ, तुम्हीही दिवसभर गादीवर बसूनच असता, तुम्हालाही एक ढकलणारा बघून देऊ का? त्याचं हसू गेलं. पण खुर्ची छोट्या चाकांचीच बांधली गेली. परतताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले होते आणि नवरा ती खुर्ची मांडीवर घेऊन तिचे सांधे उघडून मिटून बघत होता. तिला काही आवाज नव्हता. तो समाधानी दिसला.

तरी मी मनाची समजूत घातली. नाही मोठी चाकं तर नाही, जायला तर मिळतंय. नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

सुरतेच्या उधना स्टेशनवरून गाडी पकडली. प्रवासाबद्दल त्याचं म्हणणं खरं ठरलं, हे कबूल करायला हवं. गर्दीत तो एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने मला सांभाळत चढला. अमळनेरला उतरून ॲपे रिक्षा केली, खुर्ची पिशवीसारखी पायांपाशी मावली. मात्र घराच्या अंगणात ती छोटी चाकं काळ्या मातीत रुतली ती रुतलीच. मागून ढकलावं तर मीच पुढे पडायची. शेवटी चुलत दिरांनी चारी बाजूंनी धरून मला खुर्चीसकट उचललं आणि ओसरीवर नेऊन ठेवलं, देवघराच्या दाराशी. आत चौरंगावर नथ घातलेली, डोळे लावलेली, हळद-कुंकू माखलेल्या नारळाची कानबाई बसलेली. त्या दिवशी घरात दोन बायका बसूनच होत्या, एक ती आणि एक मी. तिला दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवणार होते. माझंही ठरलेलं होतं, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी ओसरीवर बसून होते. बायका आत-बाहेर करत होत्या, पुरण वाटलं जात होतं, गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरलं जात होतं. मी म्हटलं, मला पाट्यापाशी न्या. जी ती म्हणे, "बस वं तू, आराम कर." कोणाच्या मनात वाईट होतं असं नाही. पण तिथून हलायचं तर कोणीतरी यायला हवं होतं, आणि कोणी आलं नाही. नवरा बाप्यांत जाऊन बसला होता.

आता रोटाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कानबाईचा नैवेद्य म्हणजे रोट, गव्हाची जाड पोळी. आमच्या घरात घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने मूठभर गहू सुपात टाकतात, ते दळतात आणि मुठीमागे एकच रोट करतात. तान्ह्या बाळाचीही मूठ असते. परगावी राहणाऱ्याचीही असते. मूठ निघत नाही ती दोघांची, मेलेल्याची आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीची. रोट भाऊबंदकीच्या बाहेर कोणाला द्यायचा नाही आणि घराबाहेर न्यायचा नाही. उरला तर जमिनीत पुरायचा. ही आमची रीत, आणि कानबाईच्या कोपाला आमचे लोक पोलिसांपेक्षा जास्त भितात.

आरती झाली, पंगत बसली. मला नवऱ्याच्या शेजारी आणलं, तो खाली पाटावर आणि मी खुर्चीत, मांडीवर ताट. मोठी जाऊबाई टोपलीतून रोट वाढत आली. मोठ्या दिराला, त्यांच्या मुलांना, माझ्या नवऱ्याला, आणि मग माझ्या पुढून ती तशीच पुढे गेली.

"बाई, माले?" मी म्हटलं.

ती थांबली. टोपली कमरेला लावून तिने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो ताटात बघत होता.

"तुनी मूठ नही लिधी वं मी," ती म्हणाली. "तुना नवरानीच फोन करी सांगं. आते तू तुना भाऊकडेच ऱ्हानार शे ना? उद्या तो तुले लेवाले येई. माले वाटनं तुले माहीत शे."

तिचा सूर दुष्ट नव्हता. ती खरंच गोंधळली होती. माझा भाऊ शेजारच्याच गावात राहतो. त्याच्याशी बोलणं झालं होतं, इथे बोलणं झालं होतं, सगळ्यांशी झालं होतं. मी तेवढी राहिले होते. ती हलकी खुर्ची का घेतली, मोठी चाकं का नको होती, हे मला त्या पंगतीत कळलं. जिथे ठेवली तिथे राहणारी बायको त्याला हवी होती. मला एवढा राग आला की कानांत लूम सुरू झाल्यासारखं झालं. आणि रागाच्या खाली भीती होती, ती जास्त मोठी होती.

मी वाकले, नवऱ्याच्या ताटातला रोट उचलला आणि खायला लागले.

"अवं, तो त्याना शे!" जाऊबाई ओरडली.

"माले माहीत शे," मी म्हटलं, घास तोंडात असतानाच. रोट जाड होता, तूप कमी पडलं होतं. मी तो सगळा खाल्ला, शेवटचा तुकडासुद्धा दुधात बुडवून. टोपलीत जास्तीचा रोट नव्हता, असणारच नव्हता. मग मी माझ्या नवऱ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आते सांगा, तुमी मरी गयात का सासरले गयात?"

एक म्हातारी चुलत सासू हसली आणि तिने लगेच तोंडाला पदर लावला. नवऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. चारचौघांत इतकं अपमानित मी त्याला कधी बघितलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं. अगदी पोटभर बरं वाटलं.

मोठे दीर मात्र हसले नाहीत. ते घाबरले होते. हात न धुता उठून त्यांनी देवघरात कानबाईपुढे डोकं टेकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "रोट तिना पोटमा गया. आते ती घरनी शे. तिले बाहेर धाडी तर कानबाई आपलाले सोडाव नही."

झालं. माझ्या बाजूने त्या घरात बोललं गेलेलं एवढंच. माझी बिचारीची दया येऊन नव्हे, इतक्या वर्षांच्या संसाराची आठवण होऊनही नव्हे. पोटात रोट गेला म्हणून. त्याच वेळी स्पीकर लावून भावाला फोन गेला की येऊ नको. तोही फोनवर 'बरं' एवढंच म्हणाला, आणि त्या 'बरं'मधला सुटकेचा सूर मला ओसरीवरून ऐकू आला.

कानबाईला बोळवून आल्यावर दुपारी आम्ही अमळनेरहून परतीच्या गाडीत बसलो. नवऱ्याने मला खिडकीपाशी बसवलं, पाय सारखे केले, मांडीवर चादर टाकली. हे सगळं तो नेहमी नीटच करतो. गाडी सुटल्यावर मी विचारलं, "माले सांगं का नही?"

"सांगतू तर तू येती का?"

"नही."

"मंग," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. त्याने उभं राहून माझी खुर्ची मिटली आणि वरच्या फळीवर, सामानाच्याही मागे, आत सरकवली.

"खाले ठेवा," मी म्हटलं. "मना हातले लागी अशी."

त्याला ऐकू आलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, समोरच्या बाकावर पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले. उधना येईपर्यंत मी खालून त्या खुर्चीकडे बघत बसले.