चूक क्रमांक दोनशे तेरा

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, रेकॉर्ड रूम होती आणि तिच्यात बावीस वर्षं फाईलकाका होते. हे नाव नर्सांनी ठेवलेलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथेही कुणी ते मोठ्याने वाचत नसे.

काका स्वतःबद्दल फारसं बरं बोलत नसत. "आपलं डोकं म्हणजे चौथ्या रांगेतलं खालचं कपाट. कुलूप लागत नाही, पण आत काही नसल्यामुळे अडतही नाही," असं ते सहज, हवामान सांगावं तसं सांगत.

मग एक दिवस वरून कागद आला. सगळ्या फायली संगणकात जाणार, तीन महिन्यांत रेकॉर्ड रूम बंद. काकांची रवानगी मुख्य दारावर, भेटायला येणाऱ्यांना पास द्यायला. त्यातून वाचायचं तर संगणक विभागात एक जागा रिकामी होती. अट : प्रमाणपत्र किंवा तेवढं ज्ञान. तेवढं म्हणजे केवढं, हे कागदात नव्हतं. काकांना दाराची धास्ती होती. दिवसाला चारशे माणसांशी बोलायचं म्हटल्यावर आठवड्याभरात आपलीच फाईल उघडावी लागेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तसे ते वर्षभर शिकत होतेच. लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप होता. त्याचं एक बटण निघालेलं, तिथे काका पेन्सिलीच्या टोकाने दाबत. इंटरनेटवर फुकट मिळणारे एक्केचाळीस अभ्यासक्रम त्यांनी सुरू केले होते आणि प्रत्येकाच्या पहिल्या धड्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जगातल्या बहुतेक संगणकभाषांमध्ये त्यांना 'नमस्कार' म्हणता येत होतं. पुढचं बोलणं कुणाशीच झालं नव्हतं.

"अहो, काल तर काहीतरी वेगळंच शिकत होतात ना?" बायकोने विचारलं.

"ते झालं."

"संपलं?"

"सुरू करून झालं."

पण एक काम मात्र कागद येण्याआधीच तडीस गेलं होतं, कारण ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. एका म्हातारबाईंची फाईल सापडेना. बाई पाच तास बाकावर बसून होत्या. शेवटी फाईल मिळाली ती दोन आकडे उलटसुलट झालेल्या जागी. काकांच्या लक्षात आलं की बावीस वर्षांत हरवलेल्या फायली मनाला येईल तिथे गेलेल्या नाहीत. शेजारचे दोन आकडे जागा बदलतात, घाईत लिहिलेला इंग्रजी एक सातासारखा दिसतो, तीन आठासारखा. मग नंबर दिला की तो चुकून कुठे कुठे गेला असेल, त्या जागांची यादी यंत्रानेच का देऊ नये?

जाणत्याने दोन दिवसांत केलं असतं ते करायला काकांना चार महिने लागले. नेमकं काय विचारायचं हेच शोधण्यात त्यातला एक महिना गेला. प्रत्येक चूक ते एका लांबड्या वहीत लिहीत.

'चूक १९ : सकाळपासून यंत्राला शिव्या घातल्या. यंत्र निर्दोष. कंस उघडून मिटला नव्हता. घरी फ्रिजचंही हेच करतो.'

'चूक ८८ : प्रोग्रॅम चालला. का चालला ते कळेना. ही चूकच धरावी.'

त्या रिकाम्या जागेच्या मुलाखतीला हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आणि संगणक विभागाचे तरुण साहेब होते.

"प्रमाणपत्र?" साहेबांनी हात पुढे केला. काकांनी वही दिली. दुसरं द्यायला काही नव्हतंच.

बाईंनी मधलंच पान उघडलं, वाचलं, आणखी चार पानं वाचली. "फ्रिजचं आमच्याकडेही तसंच आहे," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, हे चालतं का, ते बघायला हवं," साहेब म्हणाले.

"बघू या. काका, तुमची स्वतःची फाईल असेलच इथे?"

"आहे. हर्नियाची. सहा वर्षं झाली."

तिघं तळघरात उतरले. ४१७३८२ च्या जागी फाईल नव्हती. काकांनी लॅपटॉप उघडून नंबर घातला, पेन्सिल टोचली. यंत्राने नऊ जागा सांगितल्या. चौथ्या जागी, ४१७८३२ वर, फाईल सापडली. तिला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जागेवर ठेवली', आणि खाली सही.

"ही सही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझीच. ऑपरेशननंतर कामावर आलो त्या पहिल्या दिवसाची. टाके दुखत होते, पण ते कारण सांगत नाही." काकांनी वही मागून घेतली आणि उभ्याउभ्याच चूक क्रमांक दोनशे तेरा लिहिली.

साहेब त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. "काका, ते अठ्ठ्याऐंशीचं पुढे काय झालं? का चालत होतं ते?"

बावीस वर्षांत त्या खोलीत काकांना 'कुठे' हेच सगळ्यांनी विचारलं होतं. 'का' पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. काका रॅकला टेकून वीस मिनिटं बोलले. बाई मधूनच निघून गेल्याचं त्यांना कळलंही नाही.

आठ दिवस झाले तरी नेमणुकीचा हुकूम येईना. चौकशी केली तर, "दोन दिवसांपूर्वीच पाठवलाय," असं कळलं. हुकुमावर नाव नसतं, नुसता कर्मचारी क्रमांक. काकांचा १४६. त्यांनी कागदावर दोन नंबर लिहिले. ४१६ निवृत्त झाले होते. १६४ म्हणजे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला आचारी.

आचाऱ्याने पिठाच्या डब्याखालून कागद काढला.

"तुमचा होय हा? मला वाटलंच होतं, मला संगणकातलं काय कळतंय. पण म्हटलं, वरच्यांनी काहीतरी पाहिलं असेल माझ्यात." तो परातीकडे बघत राहिला. "बायकोला सांगूनही टाकलं हो मी. आता घरी काय सांगू?"

काकांनी कागद खिशात घातला. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"सांगा, सुरू करून झालंय. उद्या दुपारी खाली या, वही घेऊन."

आचारी आला. पहिलं पान तो घरूनच लिहून आला होता. 'चूक १ : दुसऱ्याचा कागद दोन दिवस पिठाखाली ठेवला.'