अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

त्या दुष्काळात आमच्या सोसायटीत टँकर यायचा तेव्हा त्याचा पाइप माझ्या हातात असायचा. गेवराईच्या बाहेर, हायवेपासून जरा आत, सूतगिरणीतल्या कामगारांनी मिळून सहकारी सोसायटी काढली होती. तिथं आमचं दोन खोल्यांचं घर. टँकर चार दिवसांनी यायचा. पहिल्या दोन खेपांना बायकांची अशी जुंपली की घागरी चेपल्या, मग सगळ्यांनी बसून ठरवलं आणि पाइप मला दिला. घरटी एक टिपाड, म्हणजे पत्र्याचा पिंप, आणि वर दोन घागरी, एवढंच. माझ्याशी कुणी वाद घालायला धजत नाही, म्हणून मला निवडलं. माझं तोंड फाटकं आहे हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

आणि अशा बाईला तिचाच नवरा म्हणाला, रोज एक बादली पाणी जमिनीत ओत.

आमचे हे सूतगिरणीत वायरमन. माणूस मवाळ. भाजीत मीठ पडलं नाही तरी निमूट जेवून उठणारा. मी दिवसभर बडबड करावी आणि यांनी मिशीत हसावं, असा आमचा संसार. पण विजेचं काही निघालं की हा माणूस ऐकायचा नाही. लोकांच्या घरी जयभीम घालायला जायचे आणि चहा येईपर्यंत त्यांच्या बोर्डाचे स्क्रू बघत बसायचे.

त्या वर्षी आमची एकुलती एक लेक घाटनांदूरहून पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. नात हो, माझी पहिली नात! आठ दिवसांनी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बाहेर ऊन असं की हायवेचं डांबर चपलेला चिकटायचं. आमचा स्लॅब सकाळी दहालाच तापायचा. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं, लेक रात्रंदिवस पदरानं वारा घालत बसायची. मी तडक बाजारात गेले आणि लोखंडी कूलर घेऊन आले, रिक्षात घालून.

घरी आणला आणि म्हटलं, लावा. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे सगळे तसंच करतात. पिन बसत नसली तर वायरी सोलायच्या, भोकात घालायच्या आणि वरून आगपेटीच्या दोन काड्या खोचायच्या. कूलर चालू. ट्यूबलाइटच्या वायरीवर कूलर, त्यावरच मिक्सर, त्यावरच बाळंतिणीचं पाणी तापवायचा रॉड. मी स्वतः अशा काड्या खोचलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

"हात लावू नको," हे म्हणाले. "आधी लाइन, मग कूलर."

"अहो, पोरगी भाजून निघायलीय आणि तुमी लाइन लाइन काय करताय?"

"पोरगी हाय म्हणूनच."

दोन दिवस हे गिरणीतून आले की भिंतीला चिकटलेले. मेनपासून कूलरला वेगळी जाड वायर, तिचा वेगळा स्विच, तीन पिनांचं पक्कं सॉकेट. रॉडसाठी तशीच दुसरी. बोर्डावर एक ट्रिप बसवली. करंट चुकीच्या वाटेनं जायला लागला की ही घरातली वीज आपोआप तोडते, असं म्हणाले. लेकीला आणि मला समोर बसवून शाळेत घोकवतात तसे नियम घोकवले. रॉडची पिन काढल्याशिवाय बादलीत बोट बुडवायचं न्हाई. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढायची. लेक हसून म्हणाली, "पप्पा, परीक्षा कधी?" हे हसले नाहीत.

मग मोरीच्या मागं खड्डा खणायला घेतला. हा अर्थिंगचा, घराबरोबरचा आधीचा उथळ होता. आठ फूट खाली गेले तरी माती पिठासारखी कोरडी. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ भरलं. मिठाचं पोतं आणायला गेले तर दुकानदारानं यांना विचारलं, एवढं लोणचं कुणाचं घालताय. मला यांनी सोप्या भाषेत सांगितलं ते असं. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागते. माती ओली असली की तो हिरव्या वायरीनं गुपचूप निघून जातो. माती कोरडी असली की पत्र्यातच थांबतो, कुणाचा हात लागेपर्यंत.

"म्हणून रोज एक बादली," हे म्हणाले.

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यांनी तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागलेत आणि सगळ्यांचे खड्डे वाळलेत, प्रत्येकानं खड्ड्यात रोज पाणी टाकायचं, असा ठराव मांडला. सगळी मीटिंग हसायला लागली. चेअरमन म्हणाले, "आरं, प्यायला पाणी न्हाई आन् ह्यो म्हणतोय जमिनीला पाजा." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे शांतपणे म्हणाले, प्यायचं कोण मागतंय, आंघोळीचं सांडपाणी टाका. मोरीचा पाइप खड्ड्याकडे वळवा, न्हाई जमलं तर परातीत बसून आंघोळ करा आन् ते पाणी टाका. मग मात्र लोक विचारात पडले. आठ-दहा दिवसांत हे घरोघर फिरले आणि टेस्ट लॅम्प लावून प्रत्येकाचं अर्थिंग तपासलं. टेस्ट लॅम्प म्हणजे साधा बल्ब, दोन वायरी लावलेला. एक वायर मेनजवळच्या करंटला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला तर खड्डा चांगला. मिणमिणला तर पाणी पाजा. बायका मला टँकरपाशी सांगायच्या, आमचा लख्ख पेटला वो.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला अजून जड जातं.

आमच्या मोरीशेजारी एक लिंबोणी होती. घर मिळालं त्या वर्षी मी लावलेली. चार वर्षं नुसती पानं आणि काटे, आणि नेमकी त्याच दुष्काळात तिला फळं धरली. बारकी बारकी, वाटाण्याएवढी. सगळ्या घराचं आंघोळीचं पाणी मी तिलाच घालायचे. आता ते पाणी खड्ड्याला. पहिले चार दिवस मी अर्धं अर्धं केलं. मग लिंबोणीची पानं गुंडाळायला लागली, एक एक लिंबू गळायला लागलं, आणि मला काही ते बघवेना. झाडाची तहान दिसते, खड्ड्याची दिसत नाही. मी सगळं पाणी झाडाला घालायला लागले.

संध्याकाळी हे सायकल लावत विचारायचे, "टाकलं का गं पाणी?"

"टाकलं."

एवढंच. रोज. नवऱ्याला मी भांडून बोलले असेन, टोचून बोलले असेन, पण तोंडावर खोटं कधी बोलले नव्हते. आणि हे खोटं इतकं सोपं जात होतं की मला त्याचं काही वाटेनासं झालं. कूलर मस्त चालायचा. बाळाचं घामोळं गेलं, लेकीला झोप लागायला लागली. मी मनात म्हणायचे, बघा, पाण्यावाचून काय अडलं?

त्या दिवशी दुपारी मी फरशी पुसून घेतली होती. बाळ कूलरसमोर गोधडीवर. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. लेक बाळाला उचलायला वाकली आणि आधाराला तिनं कूलरच्या पत्र्यावर हात टेकला. मला तिचं नुसतं "आई" ऐकू आलं. लगेच बोर्डावर ट्रिपचा खटका वाजला आणि पंखा, कूलर, सगळं एकदम थांबलं.

पिठाच्या हातानं धावले. लेक भिंतीला टेकून खाली बसलेली, हात दुसऱ्या हातात धरलेला, चेहरा पांढराफटक. "खांद्यापर्यंत झिणझिणलं," म्हणाली. बाळ अजून गोधडीवरच होतं, पत्र्यापासून वीतभर लांब, पाय झाडत. आणखी एका क्षणात लेकीनं तिला काखेत घेतलं असतं आणि मग हात टेकला असता. मला ते डोळ्यासमोर दिसलं. मी बाळाला उचललं, लेकीला उठवलं, दोघींना आतल्या खोलीत नेलं आणि यांना फोन लावला. काय बोलले आठवत नाही. "या," एवढं बोलले असेन.

हे गिरणीतून तशाच कपड्यांत आले, कापसाचे धागे अंगाला चिकटलेले. आधी लेकीचा हात बघितला, तिला चालून दाखवायला लावलं, दवाखान्यात जाऊन या म्हणून रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून परत पाठवलं तेव्हा कुठं यांनी कूलर उघडला. पाण्याच्या पंपाची वायर पत्र्याच्या काठावर घासून सोलली गेली होती. यांनी ती मला दाखवली आणि स्वतःशीच म्हणाले, "पण अर्थिंग असताना हिच्या हाताला करंट कावून लागला?"

मला अजून गप्प बसता आलं असतं. वायरीवर सगळं ढकलता आलं असतं. पण माझ्या तोंडाला गप्प बसायची सवय नाही, आणि त्या दिवशी ते बरंच झालं.

"मी पाणी टाकत नव्हते," मी म्हटलं. "लिंबोणीला घालत होते. पंधरा दिवस झाले. तुमाला रोज खोटं सांगितलं."

लेक दारात उभी होती. तिनं ऐकलं. मला वाटलं आता हे ओरडतील, आणि मला ओरडून घ्यायचंच होतं. पण हे तिथंच फरशीवर बसले.

"मला शंका आलती," हे म्हणाले. "खड्ड्यावरची माती भुरभुरीत दिसायची. सगळ्या सोसायटीत बल्ब लावून बघितला मी. आपल्या घरात लावला न्हाई."

"का हो?"

"मिणमिणला असता तर तुला खोटारडी म्हणावं लागलं असतं. भांडण नको म्हणून न्हाई लावला." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईनं एक चूक केली, मी तीच दुसऱ्या बाजूनं केली."

मी रडले. रडतच बोलले, पण बोलले, गप्प बसून रडणं मला येत नाही. म्हटलं, बायकोला घाबरता आणि म्हणे वायरमन. हे मिशीत हसले, पण डोळे पुसत.

मग आम्ही बल्ब लावला. लाल तार दिसेल न दिसेल एवढीच. मी टिपाडातलं पाणी घेतलं, सांडपाणी नाही, चांगलं, दोन दिवस पुरवायचं होतं ते, आणि खड्ड्यात ओतलं. जमीन अशी पीत गेली की वर बुडबुडे आले. शेजारीण कुंपणावरून बघत होती. रिक्षा बघून ती बाहेर आली होती आणि माझं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती धुण्याच्या पाण्याची बादली घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या, चेअरमनला सांगू नका, तुमीच टाकत न्हाईत म्हणून." टोमणा मारला आणि पाणीही दिलं. तासाभरात आणखी तीन बादल्या आल्या. टँकरचा पाइप धरणारी मी, त्या दिवशी लोकांच्या दारातलं सांडपाणी घेऊन खड्ड्यात ओतत होते, आणि प्रत्येकीचा टोमणा ऐकून घेत होते.

पाणी मुरायला वेळ लागला. यांनी तोवर पंपाची नवी वायर घातली, पत्र्याच्या काठाला रबर बसवलं. उन्हं कलली तेव्हा परत बल्ब लावला. हळूहळू पिवळा झाला, आणखी एक बादली ओतली, मग लख्ख पेटला. यांनी ट्रिपचं बटण दाबून तीही तपासली आणि कूलर चालू केला. टेस्टर पत्र्याला चारी बाजूंनी लावला. टेस्टर पेटला नाही.

"ये आता," यांनी लेकीला हाक मारली.

लेक दारातून हलली नाही. बाळाला छातीशी धरून उभी. बल्ब तिनं बघितला होता, टेस्टर बघितला होता. ती आमच्या दोघांकडे बघत होती. पंधरा दिवस एकीनं खोटं सांगितलं आणि दुसऱ्यानं ते चालू दिलं, त्यांच्याकडे.

मी पुढं झाले आणि पत्र्यावर हात ठेवला. त्याच वेळी यांनीही ठेवला, माझा हात बाजूला सारायला म्हणून, पण मी काढला नाही. तसेच दोघं उभे राहिलो, कूलरचा गार वारा तोंडावर घेत, म्हाताऱ्या माणसांना शोभणार नाही असे. हे म्हणाले, "काढ की आता." मी म्हटलं, "तुमी काढा."

लेकीनं पत्र्यावरचे आमचे दोन्ही हात बघितले. मग आत आली आणि नातीला परत गोधडीवर ठेवलं, कूलरसमोर.